'ऑफ माइस अँड मेन': दहा एकरांचं स्वप्न आणि रांचवरचा एकटेपणा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जॉन स्टाइनबेक यांची ही कादंबरिका जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची. एका बैठकीत वाचून होते आणि मग कित्येक दिवस डोक्यातून जात नाही. ती वाचलेले आणि वाचायला घेतलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये शेवटासकट सगळं उघड केलं आहे. ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं, मग इथे यावं.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

जॉर्ज मिल्टन आणि लेनी स्मॉल हे दोन शेतमजूर कामाच्या शोधात कॅलिफोर्नियात गावोगाव हिंडतायत. जॉर्ज अंगानं लहानखुरा, डोक्यानं तल्लख. लेनी आडदांड, ताकदीला पार नाही, पण समज लहान मुलाएवढी. मऊ वस्तू कुरवाळायचा त्याला नाद. उत्तरेकडच्या वीड गावात त्यानं एका मुलीच्या लाल झग्याला हात लावला, ती किंचाळली, तो घाबरला आणि घाबरून झगा आणखीच घट्ट धरून बसला. लोक मागे लागले आणि दोघांना तिथून जीव घेऊन पळावं लागलं. आता सोलेदादजवळच्या एका रांचवर, म्हणजे मोठ्या शेतमळ्यावर, त्यांना काम मिळालंय. पैसे साठवून स्वतःची दहा एकर जागा घ्यायची आणि तिथे ससे पाळायचे, हे दोघांचं स्वप्न.

गुरुवारी संध्याकाळी नदीकाठच्या डोहापाशी सुरू झालेली गोष्ट रविवारी संध्याकाळी त्याच डोहापाशी संपते. मधल्या दिवसांत मालकाच्या मुलाची, कर्लीची, बायको लेनीच्या हातून मरते. त्याला मारायचं नसतं, तिला गप्प करायचं असतं. कर्ली आणि त्याची माणसं लेनीपर्यंत पोचण्याआधी जॉर्ज त्याला शोधतो आणि स्वतः गोळी घालतो.

हे सगळं कुठे आणि कधी घडतं?

कॅलिफोर्नियातल्या सालिनास नदीच्या खोऱ्यात, १९३० च्या दशकात. पुस्तक आलं १९३७ साली. १९२९ ला शेअर बाजार कोसळल्यानंतर अमेरिकेत महामंदी आली आणि १९३३ च्या सुमारास तिथल्या दर चार कामगारांमधला एक बेकार होता. पुस्तकात मंदीचं नाव फारसं कुठे येत नाही. ती दिसते ती माणसांच्या वागण्यात: काम जाईल या भीतीनं गप्प बसण्यात, मालकाच्या मुलानं डिवचलं तरी गिळून घेण्यात.

'सोलेदाद' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ एकटेपणा. हे गाव नकाशावर खरोखर आहे, लेखकानं ते रचलेलं नाही. पण आसपासची इतकी गावं सोडून त्यांनी गोष्ट नेमकी तिथे नेली.

लेखकाला या माणसांचं जगणं कसं माहीत होतं?

स्टाइनबेक यांचा जन्म १९०२ चा, सालिनास गावातलाच. ते गाव सोलेदादपासून चाळीसेक किलोमीटरवर. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी अधूनमधून शिक्षण घेतलं, पदवी घेतली नाही, आणि मधल्या काळात स्प्रेकल्स साखर कंपनीच्या शेतांवर मजुरांबरोबर काम केलं. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की आपण स्वतः काही काळ वळकटी पाठीवर टाकून हिंडलोय आणि लेनीसारखा एक माणूस आपण खरोखर पाहिलेला आहे.

१९३६ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'साठी त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांच्या छावण्यांवर लेखमाला लिहिली. १९३९ ची त्यांची गाजलेली मोठी कादंबरी त्या अनुभवातून आली. १९६२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मला मात्र त्यांचं सगळ्यात नेमकं पुस्तक ही छोटी कादंबरिकाच वाटते. हिच्यात एकही भाषण नाही.

मराठीत या मजुरांना काय म्हणायचं? सालगडी?

सालगडी म्हटलं की गफलत होते. सालगडी एका मालकाशी वर्षभर बांधलेला असतो. पाडव्याला साल ठरतं, तो बायकोपोरांसह त्याच गावात राहतो, गाव त्याला नावानं आणि बापाच्या नावानं ओळखतं. त्याच्यावर अन्याय होतो तोही चार ओळखीच्या लोकांदेखत. जॉर्ज-लेनीचं उलटं आहे. त्यांना कोणी ओळखत नाही, मागे घर नाही, पुढच्या महिन्याचा पत्ता नाही. पाठीवरच्या गुंडाळीला मात्र आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे: वळकटी. 'बिऱ्हाड पाठीवर' म्हणतो त्यातलं बिऱ्हाडसुद्धा यांच्याकडे नाही, फक्त पाठ आहे. म्हणून मी 'रांच' हा शब्द तसाच ठेवते आणि माणसांना सरळ 'मजूर' म्हणते.

हे मजूर इतके एकटे का आहेत? स्वभावानं तुसडे आहेत का?

नाही. या पुस्तकाची मेख इथेच आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. इथला एकटेपणा कोणाच्या मनातून उगवलेला नाही. काम ज्या तऱ्हेनं आखलं आहे त्या तऱ्हेनं तो तयार होतो.

मजुरांना काम मिळतं ते मरी अँड रेडी या दलाल कचेरीतून. तिथे कामाची चिठ्ठी मिळते, बसचं तिकीट मिळतं, आणि माणूस जिथे कधी पाऊल ठेवलं नाही अशा ठिकाणी जाऊन पडतो. जव कापणीला आलेत, पोती उचलायला हात हवेत, एवढंच त्याच्याबद्दल तिथे माहीत असतं. महिन्याला ५० डॉलर. राहायला बंकहाऊस, म्हणजे खाटा मांडलेली एक लांबट खोली. प्रत्येक खाटेच्या वर सफरचंदांचं रिकामं खोकं ठोकलेलं, त्यात दोन फळ्या. साबण, दाढीचं सामान, एखादं मासिक, औषधाची बाटली, जे काय असेल ते त्या दोन फळ्यांवर. आधी त्या खाटेवर कोण झोपत होतं, तो का गेला, हे विचारलं तर उत्तर मिळतं की बस, गेला. सगळेच असे जातात.

शनिवारी रात्री गावात जायचं, दारू आणि बायका यांच्यावर महिन्याची कमाई उडवायची, आणि पुन्हा वळकटी. जॉर्ज लेनीला हेच सांगत असतो: आपल्यासारखी रांचवर राबणारी माणसं जगात सगळ्यात एकटी असतात. त्यांना घरचं कोणी नसतं, ती कुठलीच नसतात.

आता मालकाचं वागणं पाहा. लेनीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जॉर्ज देतो, तेव्हा मालकाच्या मनात पहिला संशय येतो की हा त्याचा पगार तर लाटत नाही? एका माणसानं दुसऱ्यासाठी एवढा त्रास घ्यावा हे त्याला पटतच नाही. जॉर्जला खोटं सांगावं लागतं की लेनी आपला चुलतभाऊ आहे. सोबत राहायचं तर कारण दाखवावं लागतं अशी ती जागा आहे. दोघं मिळून फिरतात याचं नवल खेचरांची जोडी हाकणाऱ्या स्लिमलाही वाटतं, पण तो संशय घेत नाही. तो म्हणतो, कदाचित या जगात सगळेच एकमेकांना घाबरून असतील.

आणि पत्ते. जॉर्ज फावल्या वेळात पेशन्स खेळत बसतो, एकट्यानं खेळायचा डाव. खोलीत माणसं असतात, तरी तो स्वतःशीच पानं मांडतो. वाचताना ते सहज नजरेआड होतं. दुसऱ्या वाचनात त्याच्यावरच नजर खिळते.

मग जॉर्ज लेनीला बरोबर का ठेवतो? नुसती जबाबदारी म्हणून?

सुरुवातीला लेनीची क्लारामावशी गेली आणि तो जॉर्जच्या गळ्यात पडला, हे खरं. पण जॉर्ज स्लिमजवळ एक आठवण सांगतो. पूर्वी तो लेनीची खूप चेष्टा करायचा. एकदा चार लोकांसमोर मजा म्हणून त्यानं लेनीला सॅक्रॅमेंटो नदीत उडी मारायला सांगितलं. लेनीनं मारली. त्याला पोहता येत नव्हतं. बुडता बुडता त्याला बाहेर काढलं, आणि उडी मारायला जॉर्जनंच सांगितलं होतं हे विसरून तो जॉर्जचेच आभार मानत राहिला. त्यानंतर जॉर्जनं ते सोडलं.

जॉर्ज चिडतो, तोडून बोलतो, तू नसतास तर मी सुखात राहिलो असतो असं सुनावतो. ते सगळं खरं आहे आणि तरी तो जात नाही. या नात्याला मैत्री म्हणावं, भावकी म्हणावं की ओझं, हे लेखक ठरवून देत नाहीत.

लेनीला नेमकं काय झालंय?

पुस्तकात आजाराचं नाव नाही, आणि त्या काळातल्या मजुरांना ते ठाऊकही नसतं. त्याच्या बुद्धीची वाढ झालेली नाही एवढं दिसतं.

या पात्राबद्दल एक गोष्ट ऐकून मी सुन्न झाले होते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या गुन्हेगाराला मृत्युदंड देऊ नये असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिला. त्यानंतर २००४ मध्ये टेक्ससच्या फौजदारी अपील न्यायालयानं कोणाला त्यातून सूट द्यावी याचा विचार करताना स्टाइनबेकच्या लेनीचा दाखला दिला आणि स्वतःच्या कसोट्या घालून दिल्या. एका कल्पित माणसाशी तुलना करून खऱ्या माणसाचा जीव घ्यायचा की नाही हे ठरू लागलं. २०१२ मध्ये लेखकाचे चिरंजीव थॉमस स्टाइनबेक यांनी याचा जाहीर निषेध केला. अखेर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कसोट्या फेटाळल्या. लेनी ज्यांनी मन लावून वाचला असेल त्यांच्या हातून त्याचा असा मोजपट्टीसारखा वापर झाला नसता.

दहा एकरांचं ते स्वप्न खरंच शक्य होतं का, की सुरुवातीपासून थापच होती?

हिशेब मांडून पाहू, कारण स्टाइनबेक यांनी आकडे दिलेत ते उगाच नाहीत.

जागा दहा एकर. पवनचक्की, छोटं घर, कोंबड्यांचा खुराडा, चेरी-सफरचंद-पीच-जर्दाळूची झाडं, लसूणघासाचा तुकडा, डुकरांना वाडा. मालक म्हातारं जोडपं, कफल्लक झालेलं, बाईचं ऑपरेशन व्हायचंय. म्हणून किंमत ६०० डॉलर. एका मजुराचा पगार ५०, म्हणजे एक छदाम न खर्चता पूर्ण वर्षाची कमाई. जॉर्ज-लेनी दोघं मिळून सहा महिने. आजवर त्यांच्या हाती दहाएक डॉलरपलीकडे काही राहिलेलं नाही. इथपर्यंत ते स्वप्नच.

मग म्हातारा कँडी मध्ये बोलतो. रांचवर झाडलोट करणारा, एक हात तिथेच गमावलेला. त्या हाताची भरपाई म्हणून २५० डॉलर मिळाले होते, त्यात ५० साठवलेले, महिनाअखेर आणखी ५० येणार. एकूण ३५०. जॉर्ज-लेनीनं हा महिना काही खर्च केलं नाही तर १००. झाले ४५०. जॉर्ज म्हणतो, एवढ्यावर जमेल, उरलेले मी बाहेर काम करून फेडीन. त्या क्षणी तिघंही गप्प होतात. जे कधी खरं होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं ते एका महिन्यावर येऊन ठेपलेलं असतं.

आता पुढचा भाग, जो सहसा निसटतो. कर्लीची बायको मेल्यावर कँडी जॉर्जला विचारतो, आपण दोघं तरी घेऊ ना ती जागा? पैशाच्या दृष्टीनं फार काही बिघडलेलं नव्हतं. लेनीचे ५० वजा केले तरी महिनाअखेर ४०० होतेच. तरी जॉर्ज नाही म्हणतो. त्याला आधीपासूनच माहीत होतं म्हणतो, की हे होणार नाही. लेनीला ऐकायला इतकं आवडायचं, की सांगता सांगता आपल्यालाही वाटायला लागलं.

म्हणजे स्वप्न पैशापायी मोडत नाही. ऐकणारा गेला म्हणून मोडतं. ते दहा एकर नकाशावर कुठेतरी असतील, पण जॉर्जसाठी ते होते लेनीच्या 'सांग ना, जॉर्ज' मध्ये. लहान मुलं रोजची गोष्ट शब्दही न बदलता ऐकायला मागतात तसं लेनी मागायचा, मध्येच पुढचं वाक्य स्वतः म्हणायचा. ज्यांना घर नाही त्यांनी बोलण्यातच घर बांधलं होतं. बोलायला समोर कोणी नाही म्हटल्यावर ते उभं कसं राहणार?

आणि सशांचं एवढं काय?

लेनीला सशांना लसूणघास घालायचाय, बस. त्याला जमिनीची मालकी कळत नाही, मऊ अंग कळतं. मोठ्यांच्या स्वप्नात आपल्या वाट्याला एक काम आहे, आणि ते आपल्याला जमेल, याचा त्याला केवढा आनंद!

कँडीच्या कुत्र्याचा प्रसंग इतका लांबवला का आहे?

कँडीजवळ एक म्हातारं कुत्रं आहे. पिल्लू असल्यापासून पाळलेलं, कधीकाळी मेंढ्या राखणारं. आता दिसत नाही, चालवत नाही, अंगाला वास येतो. कार्लसन नावाचा मजूर मागे लागतो की याला गोळी घालू, याला त्रास होणार नाही, आणि खोलीत वास मारतो. कँडी एकेकाचं तोंड पाहतो. कोणीतरी नको म्हणावं म्हणून. स्लिमही म्हणत नाही. कार्लसन कुत्र्याला घेऊन बाहेर जातो.

मग खोलीत शांतता. कोणीतरी पत्त्यांचा विषय काढतो, कोणी उंदीर लाकूड कुरतडतोय त्याबद्दल बोलतो. सगळे बंदुकीच्या आवाजाची वाट पाहतायत आणि कोणीच तसं म्हणत नाही. अखेर आवाज येतो आणि कँडी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. एवढी माणसं एका खोलीत, आणि सांत्वनाचा एक धड शब्द कोणाला सुचत नाही.

त्याच रात्री कँडी स्वप्नात भागीदारी मागतो. कारण त्याला कळून चुकलंय की उद्या आपणही असेच निरुपयोगी ठरणार. तो म्हणतोही, मला इथून हाकलतील तेव्हा कोणीतरी मलाही गोळी घालावी, पण तेवढंही कोणी करणार नाही. नंतर तो जॉर्जला म्हणतो, कुत्र्याला मीच गोळी घालायला हवी होती, परक्याच्या हाती द्यायला नको होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागतं.

क्रूक्स हे पात्र कशासाठी?

क्रूक्स तबेल्यात काम करतो, घोड्याच्या लाथेनं त्याची पाठ वाकडी झालीय. तो रांचवरचा एकटा कृष्णवर्णीय माणूस. त्याला स्वतंत्र खोली आहे, आणि ती मानाची नाही. गोऱ्या मजुरांच्या खोलीत त्याला घेत नाहीत. एका नाताळच्या रात्री फक्त आत येऊ दिलं होतं, त्याही रात्री एकानं त्याच्याशी मारामारी केली.

त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त वस्तू आहेत, कारण तो हिंडता मजूर नाही, कायमचा आहे. पुस्तकं आहेत. एक जीर्ण शब्दकोश आणि १९०५ सालच्या कॅलिफोर्निया दिवाणी कायद्याची फाटकी प्रत. त्या प्रतीपाशी मी प्रत्येक वेळी थांबते. हा माणूस रात्री दिव्याखाली आपले हक्क वाचतो. ते पुस्तक जुनं झालंय, आणि तसंही त्या हक्कांची दखल कोणी घेणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी वाचतो.

शनिवारी रात्री सगळे गावात गेलेले असताना लेनी त्याच्या खोलीत येतो. क्रूक्स आधी हाकलतो, मग बोलतो, मग दुष्टपणे त्याला छळतो: जॉर्ज परत आलाच नाही तर? लेनी भयानं आणि रागानं उठतो तेव्हा क्रूक्स मऊ होतो आणि खरं बोलतो. माणसाला कोणीतरी जवळ लागतं, नुसतं बसलेलं असलं तरी चालतं. कोणीच नसलं तर आपण पाहिलं ते खरं पाहिलं की नाही हेसुद्धा विचारायला कोणी नसतं. एकटेपणाचं इतकं अचूक वर्णन मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

स्वप्नाबद्दल तो आधी कडवट आहे. वळकटी घेऊन आलेले शेकडो लोक त्यानं पाहिले, प्रत्येकाच्या डोक्यात जमिनीचा एक तुकडा, आणि तो मिळालेला एकही नाही. स्वर्गासारखंच. पण कँडी पैशांची गोष्ट सांगतो तेव्हा क्रूक्सही अडखळत म्हणतो की मला घेतलंत तर मी येईन, फुकट राबेन. ही आशा काही मिनिटं टिकते. कर्लीची बायको येते, बोलाचाली होते, आणि ती त्याला धमकावते की एका शब्दानं मी तुला झाडाला लटकवू शकते. तेव्हाच्या अमेरिकेत ही पोकळ धमकी नव्हती. क्रूक्स जागच्या जागी आक्रसतो. कँडी निघतो तेव्हा क्रूक्स त्याला सांगतो, मी म्हटलं ते विसर, थट्टा केली होती.

कर्लीच्या बायकोला नाव का नाही? लेखक तिच्यावर अन्याय करतात का?

प्रश्न रास्त आहे आणि वर्षानुवर्षं विचारला जातोय. मजुरांच्या नजरेत ती 'कर्लीची बायको' एवढीच आहे, नवऱ्याच्या मालकीची आणि म्हणून धोक्याची. पहिल्यांदा ती दारात उभी राहते तेव्हा उजेड अडतो. लाल नखं, लाल सपाता, त्यावर शहामृगाची पिसं. सगळे तिला चवचाल ठरवून मोकळे होतात, आणि पहिली पन्नास पानं वाचकही त्यांच्यातलाच एक असतो.

मग रविवारी दुपारी तबेल्यात ती लेनीजवळ बसते आणि भराभर बोलू लागते, ऐकणारा निघून जायच्या आत सगळं सांगून टाकायचं असल्यासारखी. एक नट तिला म्हणाला होता, मी तुला हॉलिवूडला नेतो, पत्र टाकतो. पत्र आलं नाही. आईनंच ते लपवलं असं तिला अजून वाटतं. ज्या घरात आपली पत्रं चोरली जातात तिथे राहायचं नाही म्हणून तिनं भेटल्या भेटल्या कर्लीशी लग्न केलं. तो तिला आवडत नाही, हे तिनं आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. पहिल्यांदा सांगते ते लेनीला, आणि लेनीचं लक्ष सशांकडे आहे. दोन माणसं शेजारी बसून आपापली स्वप्नं एकमेकांना सांगतायत आणि दोघांपैकी कोणीच ऐकत नाहीये.

या पुस्तकावरून झालेल्या नाटकात ही भूमिका करणाऱ्या क्लेअर लूस या अभिनेत्रीला स्टाइनबेक यांनी पत्र लिहून या बाईबद्दल समजावलं होतं. तिनं स्वतःभोवती उभ्या केलेल्या भिंती ओलांडता आल्या तर आत एक सरळ, चांगली मुलगी सापडेल आणि तुम्हाला तिच्याबद्दल माया वाटेल, असा त्याचा आशय. मग ते सगळं त्यांनी पुस्तकातच आणखी का लिहिलं नाही, असं मला वाटत राहतं. तिच्या मृत्यूनंतर एकच परिच्छेद आहे, ज्यात तिच्या चेहऱ्यावरचा हेवा आणि एकटेपणा पुसला जाऊन ती लहान आणि गोड दिसते. जिवंतपणी तिला तसं कोणी पाहिलं नाही.

स्लिम तरी सुखी आहे का?

त्याच्या शब्दाला मान आहे. सुखी आहे असं कुठे लिहिलेलं नाही. त्याच्याही घरादाराचा उल्लेख नाही.

जॉर्जनं केलं ते दया की खून?

कायद्यानं खून. पण पर्याय काय होते ते पाहा. कर्ली लेनीला पोटात गोळ्या घालणार म्हणून सुटलाय. आधीच्या मारामारीत लेनीनं त्याचा हात चिरडला होता, त्याचाही सूड त्याला घ्यायचाय. त्या हाताबद्दल आठवतं ना, स्लिमनं कर्लीला काय सांगायला लावलं होतं? यंत्रात सापडला. जिवंत पकडला तर लेनीला पट्ट्यांनी बांधून पिंजऱ्यासारख्या खोलीत कोंडतील, असं स्लिम म्हणतो. पुन्हा पळून जायचं? जॉर्जच्या मनात ते आलं असणार. पण त्याला आता पुढचं दिसतं: दुसरं गाव, दुसरा लाल झगा.

म्हणून तो कार्लसनचं लुगर पिस्तूल उचलतो, ज्यानं कुत्रं मारलं गेलं तेच. परक्याच्या हाती द्यायला नको होतं, हे कँडीचं वाक्य इथे उभं राहतं. जॉर्ज लेनीला टोपी काढायला सांगतो, नदीपलीकडे पाहायला सांगतो, आणि ती रोजची गोष्ट सुरू करतो. गाय, कोंबड्या, लसूणघास, ससे. लेनीला ती जागा समोर दिसते. त्याला वाटतं जॉर्ज रागावला असेल. जॉर्ज म्हणतो, नाही, मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो. आवाज जवळ येतात. त्याचा हात थरथरतो, मग थांबतो.

मला हे बरोबर की चूक ते अजून ठरवता आलेलं नाही. त्यानं लेनीला जे शेवटचं दिलं ते त्याच्यापाशी होतं ते सगळं होतं, एवढं नक्की कळतं.

नावाचा अर्थ काय?

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या १७८५ च्या कवितेतून ते घेतलंय. नांगरताना एका उंदराचं घरटं मोडतं आणि शेतकरी त्याची क्षमा मागतो. उंदीर असो की माणूस, कितीही नीट आखलेले बेत उधळले जातात, असं तो म्हणतो. आधी या पुस्तकाचं नाव 'घडलेली एक गोष्ट' अशा अर्थाचं ठेवायचं होतं. कोणालाच खलनायक न ठरवणारं ते नावही शोभलं असतं.

हस्तलिखित कुत्र्यानं खाल्लं ही दंतकथा आहे का?

खरी घटना आहे. १९३६ मध्ये लेखकाच्या टोबी नावाच्या पिल्लानं जवळजवळ अर्धं हस्तलिखित फाडलं. दुसरी प्रत नव्हती, पुन्हा लिहावं लागलं.

वाचताना नाटक पाहिल्यासारखं का वाटतं?

कारण तसंच रचलंय. सहा भाग, प्रत्येकाचं एक ठिकाण, सुरुवातीला जागेचं आणि उजेडाचं वर्णन, मग जवळपास नुसते संवाद. कोणाच्या मनात काय चाललंय हे क्वचितच सांगितलं जातं. पुस्तक आलं त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३७ मध्ये, ब्रॉडवेवर नाटक आलं आणि त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. चित्रपटही निघाले, १९३९ आणि १९९२ चे जास्त माहीत आहेत.

शाळांमध्ये यावर आक्षेप का घेतात?

शिव्या आणि वंशद्वेषी शब्दांमुळे. अमेरिकेत ग्रंथालयांतून काढा म्हणून सर्वाधिक मागण्या झालेल्या पुस्तकांत हे वारंवार येतं. ते शब्द कानाला टोचतात, विशेषतः क्रूक्ससाठी सगळे सहज वापरतात तो. वर्गात त्याच रंगाचं मूल बसलेलं असेल तर शिक्षकानं ते शब्द मोठ्यानं वाचण्याआधी दहा वेळा विचार करावा असं माझं मत आहे. पण पुस्तक काढून टाकू नये.

या पुस्तकात कोण दिसत नाही?

त्या खोऱ्यात तेव्हा मेक्सिकन, फिलिपिनो, जपानी मजूर मोठ्या संख्येनं राबत होते, आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर आपल्याकडचे पंजाबीही होते. १९१३ च्या कायद्यानं नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या आशियाई स्थलांतरितांना तिथे शेतजमीन विकत घ्यायचीच मनाई केली होती. म्हणजे दहा एकरांचं स्वप्न बोलून दाखवायलाही आधी विशिष्ट रंगाचं असावं लागे. पुस्तक हे सांगत नाही. क्रूक्सच्या खोलीत त्याची थोडी चाहूल लागते.

शेवटचं वाक्य कार्लसनच्या तोंडी का?

गोळी झाडल्यावर सगळे डोहापाशी येतात. स्लिम जॉर्जजवळ बसतो, अगदी जवळ, आणि म्हणतो की तुला हे करावंच लागलं. मग त्याला उठवून वर हायवेकडे घेऊन जातो. मागे राहिलेला कार्लसन विचारतो, या दोघांना एवढं खुपतंय तरी काय?

कार्लसन क्रूर नाही. कुत्र्याला त्रास होऊ नये म्हणून कुठे गोळी घालायची हे त्यानंच नीट दाखवलं होतं. जॉर्जनं त्याचंच पिस्तूल वापरलं, तेही त्यानं दाखवलेल्या जागीच. तरी त्याला खरोखर कळत नाही, आणि तो प्रामाणिकपणे विचारतो. ज्यांना सांगता आलं असतं ते दोघं वाटेनं पुढे निघून गेलेत. त्याच्या शेजारी उभा आहे तो कर्ली.